बारा दिवसांत ग्रीस आणि इटलीतील प्राचीन अवशेष व राजवाडे: काय पाहावे आणि काय सोडावे?

रंकाळा_पश्चिम (प्रश्न)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आई, वडील, पत्नी आणि मी असे चौघे कोल्हापुराहून भूमध्य समुद्राकाठच्या देशांत जाण्याचा विचार करीत आहोत. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर हाती बारा रात्री उरतात. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून तीस वर्षे त्यांनी अथेन्स आणि रोमचे नकाशे फळ्यावर खडूने काढले, पण त्या गावांत पाऊल ठेवण्याचा योग आजवर आला नाही. आईला गुडघ्याचा त्रास आहे. जोतिबाच्या पायऱ्या ती चढते, उतरताना मात्र कोणाचा तरी हात धरावा लागतो.

एका सहल कंपनीकडून आम्ही कार्यक्रम मागवला, तर त्यांनी अथेन्स, क्रीट, रोम, पॉम्पेई, फ्लॉरेन्स, क्रोएशियातील स्प्लिट आणि स्पेनमधील ग्रॅनाडा अशी सात ठिकाणे बारा दिवसांत बसवून पाठवली. कागदावर ते भरगच्च आणि आकर्षक दिसते. पण वडिलांनी तो कागद वाचून एवढेच विचारले, की यात बसायला कुठे मिळणार आहे?

घरात मतभेदही आहेत. वडिलांना भग्नावशेष पाहायचे आहेत. पत्नीचे म्हणणे असे, की पडक्या भिंतींसाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही, त्या पन्हाळ्यावर अर्ध्या तासात पाहता येतात; तिला छत, झुंबरे आणि चित्रे शाबूत असलेले राजवाडे पाहायचे आहेत. आईची अपेक्षा फक्त एवढीच, की रोज सामान बांधावे लागू नये. ज्यांनी हा भाग स्वतः पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे, की या सातांपैकी कोणती ठिकाणे ठेवावीत, ऑक्टोबर हा काळ योग्य आहे का, आणि वयस्क माणसांच्या दृष्टीने कोणत्या जागा खरोखर अवघड आहेत.

बावड्याचा_वाटसरू

आपल्या वडिलांचा प्रश्न मला फार आवडला, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की त्या कार्यक्रमात बसायला फक्त विमानतळावर मिळेल.

सर्वप्रथम ग्रॅनाडा आणि स्प्लिट काढून टाका. दोन्ही ठिकाणे कमी प्रतीची आहेत म्हणून नव्हे, तर ती तुमच्या वाटेवर नाहीत म्हणून. ग्रॅनाडाचा अल्हाम्ब्रा हा राजवाडा पाहण्यासाठी माणसाने वेगळी स्पेनची सहल करावी, इतका तो मोलाचा आहे. शिवाय तेथील नासरिद राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. स्प्लिटमध्ये सम्राट डायोक्लेशनने इसवी सन ३०५ च्या सुमारास निवृत्तीसाठी बांधलेल्या राजवाड्याच्या भिंतींतच आज गाव वसले आहे. लोक तिथे राहतात, खिडकीबाहेर कपडे वाळत घालतात, खाली दुकाने चालतात. आपल्याकडे जुन्या राजवाड्याच्या आवारात भवानी मंडपात माणसांची रोजची ये-जा चालते, तशीच ही जात आहे. पण त्यासाठी बारांतले दोन दिवस प्रवासात घालवणे मला पटत नाही.

उरलेल्या पाच ठिकाणांची मांडणी मी अशी करीन: अथेन्स तीन रात्री, क्रीटमधील हेराक्लिऑन दोन, नेपल्स तीन, रोम दोन आणि फ्लॉरेन्स दोन. पॉम्पेईला मुक्काम नको, नेपल्सहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत तिथे पोहोचता येते. नेपल्स ते रोम वेगवान रेल्वेने सव्वा तास आणि रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास लागतो, त्यामुळे इटलीत विमानाचे नाव काढू नये. आईंचे सामान तरीही चार वेळा हलवावे लागेल, याची कल्पना त्यांना आधीच द्यावी.

आता अवशेष आणि राजवाडे यांच्या भांडणाविषयी. रोममध्ये पॅलेटाईन नावाची टेकडी आहे. सम्राटांचे निवास तिच्यावर होते आणि त्या टेकडीच्या लॅटिन नावावरूनच ‘पॅलेस’ हा शब्द निघाला. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या पाटीवरचा शब्द ज्या जागेवरून आला, ती जागा आज विटांचे ढिगारे आणि सुरूची व पाइनची झाडे अशा अवस्थेत आहे. तुमच्या पत्नीला आणि वडिलांना एकाच बाकावर बसवायचे असेल तर ते तिथे बसवा. कोलोसियमच्या तिकिटात पॅलेटाईन आणि फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) दोन्ही येतात. बहुतेक लोक कोलोसियम पाहून दमतात आणि टेकडीवर जातच नाहीत, त्यामुळे तिथे सावली आणि शांतता दोन्ही मिळतात. मी तर सांगेन की टेकडी आधी करावी आणि कोलोसियमसाठी नंतरची वेळ घ्यावी.

क्रीटमधील नॉसॉस हा प्राचीन राजवाडा कोणी सोडा म्हणेल, पण सोडू नका. हेराक्लिऑनपासून ते जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून तिथे उत्खनन केले आणि नुसते खोदून न थांबता काँक्रीट वापरून जिने, लाल खांब आणि वरचे मजले पुन्हा उभे केले. त्यामुळे आज जे डोळ्यांत भरते त्यातील बराच भाग विसाव्या शतकातला आहे, आणि भिंतींवरची चित्रे प्रतिकृती आहेत. मूळ तुकडे हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेले आहेत. अभ्यासकांनी इव्हान्स यांना या बांधकामाबद्दल पुष्कळ बोल लावले आहेत. माझे मत थोडे वेगळे आहे: सामान्य माणसाला राजवाड्याचा जिना कसा खाली उतरत होता, उजेड कुठून येत होता, हे त्या काँक्रीटमुळेच कळते. फक्त आधी संग्रहालय आणि मग नॉसॉस असा क्रम ठेवावा, म्हणजे खरे कोणते आणि नंतरचे कोणते हे डोळ्यांना आपोआप समजू लागते.

तेथील कोठारांत पुरुषभर उंचीचे मातीचे रांजण ओळीने उभे आहेत. ते पाहताना मला पन्हाळ्याचा अंबरखाना आठवला. गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांत उभे राहून ज्याने धान्याच्या साठ्यावर गड कसा तग धरतो हे एकदा समजून घेतले, त्याला नॉसॉसचा राजवाडा हा सिंहासनापेक्षा कोठारांचा आणि हिशेबांचा राजवाडा होता हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिस यांनी उलगडली, तेव्हा त्यांत काव्य किंवा राजाज्ञा निघाल्या नाहीत. निघाल्या त्या मेंढ्या, लोकर आणि तेल यांच्या नोंदी. आपल्या मोडी दफ्तरांत काय निघते ते वडिलांना ठाऊक असेलच. आणि पत्नीला हेही सांगा, की ज्या पन्हाळ्याचे नाव घेऊन त्यांनी अवशेषांना नकार दिला, तो पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये आणि नॉसॉस मिनोअन (क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या) राजवाड्यांच्या गटामध्ये, असे दोघेही जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात जागतिक वारसा यादीत गेले.

अथेन्सचे अॅक्रोपोलिस, म्हणजे प्राचीन मंदिरांची टेकडी, आईंसाठी सर्वांत अवघड आहे. चढ फार मोठा नाही, परंतु लाखो पावलांनी घासून तिथला संगमरवर आरशासारखा गुळगुळीत झाला आहे आणि उतरताना तो दगा देतो. चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठी उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे. ती सर्वांना खुली नसते, म्हणून आधी चौकशी करून ठेवावी. तिकीट ठराविक वेळेचे असते, त्यामुळे सकाळची पहिली वेळ घ्यावी. तेथील पार्थेनॉन या मंदिराचे बांधकाम इसवी सनपूर्व ४४७ मध्ये सुरू झाले आणि इमारत दोन हजार वर्षांहून अधिक काळ बऱ्यापैकी उभी होती. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याच्या तोफगोळ्याने आत साठवलेली तोफांची दारू पेटली आणि मधला भाग उडाला, हे वडील वर्गात सांगत असतीलच. कोणाला वर चढणे जमलेच नाही, तर पायथ्याशी २००९ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर काचेतून समोर पार्थेनॉन दिसतो आणि बसायला जागाही आहे.

ब्रह्मपुरीचा_शेजारी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मला त्यात दोनच गोष्टी घालायच्या आहेत, पण त्या मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अशी, की ही सहल मुंबईच्या विमानतळावरून सुरू करू नका, कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधून करा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या टेकडीवर सापडलेल्या वस्तूंमध्ये भूमध्य प्रदेशातून आलेल्या कांस्यवस्तू होत्या, आणि त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी मूर्ती होती. ती आज आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, सातवाहनांच्या काळात हा देव कोणाच्या तरी घरात येऊन पोहोचला होता. मी शाळेत असताना त्या कपाटासमोरून कितीतरी वेळा गेलो आणि एकदाही थांबलो नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात समुद्रातून वर काढलेला दोन मीटरहून उंच कांस्यपुतळा आहे, ज्याला कोणी झ्यूस म्हणते तर कोणी पोसायडन. त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला आमच्या गावातल्या वीतभर मूर्तीची आठवण झाली आणि थोडी शरमही वाटली.

याची उलट बाजू नेपल्समध्ये आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतील एका घरात १९३८ मध्ये भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणण्याचा प्रघात पडला, जरी ती लक्ष्मीच आहे असे आज बहुतेक अभ्यासक मानीत नाहीत. तिच्यासारख्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत, त्यामुळे ती दख्खनातून गेली असावी असे मानण्यास चांगला आधार मिळतो. ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय मंगळवारी बंद असते. तेवढे पाहून दिवस ठरवावा. ज्या काळात पोसायडन इकडे आला, साधारण त्याच काळात ही बाई तिकडे गेली. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

दुसरी गोष्ट फ्लॉरेन्सची. तिथे पिट्टी राजवाडा, वेकिओ राजवाडा आणि उफिझी दालन हे सारे पाहावेच. फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याचे वैभव पाहून आपल्या पत्नीची इच्छा पुरी होईल. (पिट्टी आणि उफिझी दोन्ही सोमवारी बंद असतात.) पण एक सकाळ काशिने नावाच्या उद्यानासाठी राखून ठेवा. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीच्या पिढीतले, १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्या शहरात दहनाची पद्धत नव्हती; खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने अंत्यसंस्कार करण्यात आले. संगमाची जागा शोधण्यामागचे कारण पंचगंगेकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

त्या ठिकाणी १८७४ मध्ये छत्री उभारण्यात आली. आत महाराजांचा फेटा आणि अलंकार घातलेला रंगीत अर्धपुतळा असून तो चार्ल्स फुलर या शिल्पकाराने घडवला आहे. छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची, आणि हेच मँट पुढे आपल्या न्यू पॅलेसचे वास्तुविशारद झाले. शेजारी १९७० च्या दशकात बांधलेल्या पुलाला तेथील लोक ‘इंडियानो’ म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल कोण जाणे. छत्री उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे आणि चालण्याचे अंतर बरेच आहे, म्हणून आईंसाठी टॅक्सी करावी. मी गेलो तेव्हा जवळ एक मनुष्य कुत्र्याला फिरवीत होता. मी चप्पल काढून पाया पडलो, तेव्हा तो काही न बोलता कुत्र्याला घेऊन बाजूला उभा राहिला.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

चर्चेत क्रूझचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. आईंची एकमेव अट सामान न बांधण्याची असेल तर जहाजासारखी सोय नाही. आम्ही आईवडिलांना तसेच नेले. खोली एकदा लावली की आठ दिवस बघावे लागत नाही, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, आणि रोज सकाळी नवे बंदर समोर येते.

तरीही अवशेषांच्या दृष्टीने त्यातील तोटा सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘रोम’ म्हणून जहाज जिथे लागते ते चिव्हितावेक्किया बंदर रोमपासून सुमारे सत्तर किलोमीटर दूर आहे, आणि ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे प्रत्यक्षात लिव्होर्नो. जहाज सायंकाळी सुटणार असल्याने रोममध्ये हाती पाच तास उरले, त्यांपैकी दीड तास रांगेत गेला आणि वडिलांनी फोरम रस्त्यावरच्या कठड्यावरून पाहिला. याउलट हेराक्लिऑन आणि अथेन्सचे पिरेअस ही बंदरे त्या त्या स्थळांच्या इतकी जवळ आहेत की तिथे क्रूझवाल्यांचे काहीच बिघडत नाही. आपल्या वडिलांना फोरममध्ये बसायचे आहे असे दिसते. मग क्रूझ नको.

रंकाळा_पश्चिम

सर्वांचे मनापासून आभार. स्प्लिट आणि ग्रॅनाडा आज सकाळीच काढून टाकले. पत्नीला पन्हाळा आणि नॉसॉस यांची गोष्ट वाचून दाखवली. तिने क्रीटला संमती दिली, पण पिट्टी राजवाड्याला पूर्ण दिवस मिळाला पाहिजे अशी अट घातली आहे. वडिलांना राजाराम महाराजांचा इतिहास माहीत होता, छत्री मँट यांची हे मात्र माहीत नव्हते.

आणखी तीन शंका आहेत. व्हिसा ग्रीसचा काढावा की इटलीचा? पॉम्पेई आईला झेपेल का? आणि आई शाकाहारी असल्याने बरोबर काय न्यावे?

बावड्याचा_वाटसरू

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात मुक्काम अधिक त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. वरच्या मांडणीत ग्रीसच्या पाच रात्री आणि इटलीच्या सात होतात, म्हणून अर्ज इटलीकडे करावा, जरी तुम्ही प्रथम अथेन्सला उतरणार असलात तरी. किमान तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. ऑक्टोबरच्या सहलीसाठी गणपतीची वाट पाहत बसू नये.

पॉम्पेई हे गाव आहे, एक इमारत नव्हे. साठ हेक्टरांहून अधिक क्षेत्र, मोठमोठ्या दगडांचे ओबडधोबड रस्ते, आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. सावली फार कमी. आईंना तिथे दोन तासांपेक्षा अधिक फिरवू नये. माझा सल्ला असा, की वडिलांनी आणि तुम्ही पॉम्पेई पाहावे, आणि सर्वांनी मिळून एक दुपार हर्क्युलेनियमसाठी द्यावी. त्याच उद्रेकात गाडले गेलेले हे गाव आकाराने लहान आहे. परंतु तिथे घरांचे वरचे मजले, जळून कोळसा झालेली लाकडी दारे आणि तुळया अजून जागेवर आहेत. छत असलेले घर पाहायचे, ही आपल्या पत्नीची मागणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत पुरी होते. नेपल्सहून पॉम्पेईला जाणारीच लोकल तिथे थांबते.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध चांगला आहे. जुलै-ऑगस्टच्या उन्हात अॅक्रोपोलिस काही वेळा दुपारी बंद ठेवावे लागते, तो त्रास तुम्हाला होणार नाही. मात्र दिवस लहान होत जातो तशा अनेक स्थळांच्या बंद होण्याच्या वेळाही अलीकडे येतात, म्हणून उघड्यावरचे सारे सकाळी आणि राजवाडे व संग्रहालये दुपारी ठेवावीत. आणि कृपा करून कोल्हापुरी चप्पल अवशेषांत घालू नये. कातडी तळ आणि घासलेला संगमरवर यांचे जमत नाही. मी अॅक्रोपोलिसवर अभिमानाने घातली होती आणि बसूनच खाली उतरलो.

ब्रह्मपुरीचा_शेजारी

खाण्याचे थोडे. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि खवा घरीच ठेवावा. कांदा-लसूण चटणी, भडंग, शेंगदाण्याच्या वड्या न्याव्यात. ग्रीसमध्ये ‘फावा’ नावाचा पिवळ्या डाळीचा घट्ट पदार्थ मिळतो, तो आईंना घट्ट वरणासारखा वाटेल. त्यावर आपली चटणी घातली तर विचारूच नका. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजीही बहुतेक ठिकाणी असते. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, तेव्हा रिकामी बाटली बरोबर असू द्यावी.

रंकाळा_पश्चिम

अर्ज इटलीकडे करीत आहोत आणि हर्क्युलेनियम नक्की झाले. काल दुपारी वडिलांना घेऊन टाऊन हॉलमध्ये गेलो होतो. पोसायडनच्या कपाटासमोर ते बराच वेळ उभे राहिले, मग खिशातून वही काढून मूर्तीचा हात कसा आहे त्याचे रेखाटन करू लागले. अथेन्सच्या पुतळ्याशी ताडून पाहायचे आहे म्हणाले.